इनडोअर शर्यती: टाळी कधी, शंका कधी

वाचक विचारतात : धावणं

प्रश्न : फेब्रुवारी २०२५मध्ये आठवडाभरात इनडोअरचे, म्हणजे बंद हॉलमधल्या २०० मीटरच्या ट्रॅकवरचे, पाच जागतिक विक्रम झाले. आमच्या रनिंग ग्रुपमध्ये त्यावरून अजून वाद होतात. निम्मे म्हणतात बूट आणि ट्रॅकची कमाल, उरलेले म्हणतात धावणाऱ्यांची. खरं काय?
(घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : आधी पाचही विक्रम समोर ठेवू. ८ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये यारेड नुगुसेने मैल ३:४६.६३ मध्ये आणि ग्रँट फिशरने ३००० मीटर ७:२२.९१ मध्ये धावून काढलं. नुगुसेचा विक्रम पाचच दिवस टिकला. १३ तारखेला फ्रान्समध्ये लिएव्हँला याकोब इंगेब्रिग्टसेनने मैल ३:४५.१४ वर आणला, आणि त्याच शर्यतीत १५०० मीटरच्या रेषेवर घेतलेली ३:२९.६३ ही वेळही विक्रम ठरली. १४ तारखेला फिशरने बोस्टनला ५००० मीटर १२:४४.०९ मध्ये संपवून केनेनिसा बेकेलेचा २००४चा १२:४९.६० हा विक्रम मागे टाकला.

आता बूट. कार्बन प्लेट आणि नव्या फोमच्या स्पाइक्सचा (ट्रॅकवरच्या खिळ्यांच्या बुटांचा) फायदा होतो, यात वाद नको. पण ‘तळवे दरवर्षी जाड होत चाललेत’ हे म्हणणं चूक आहे. ८०० मीटर आणि पुढच्या शर्यतींना पूर्वी २५ मिलिमीटरपर्यंत जाडी चालायची, १ नोव्हेंबर २०२४पासून ती २० मिलिमीटरवर आणली. म्हणजे हे पाचही विक्रम कडक झालेल्या नियमात झालेत. शिवाय एकट्या बुटांनी काम झालं असतं, तर बेकेलेचा आकडा या स्पाइक्स आल्या आल्याच पडायला हवा होता. महिलांच्या ३००० मीटरमध्ये गेन्झेबे डिबाबाची २०१४ची ८:१६.६० ही वेळ २०२५च्या धडाक्यातही जागची हलली नाही. गुडाफ त्सेगेने २०२३मध्ये नव्या स्पाइक्स घालून बर्मिंगहॅमला जोर लावला आणि ८:१६.६९ वर थांबली. नऊ शतांश सेकंद! बूटवाल्यांना आधी हा आकडा दाखवा.

ट्रॅकबद्दल मात्र तुमच्या शंकेखोर मित्रांचं निम्मं बरोबर आहे. बोस्टन विद्यापीठाचा ट्रॅक वेगवान म्हणून चाहत्यांत प्रसिद्धच आहे. योमिफ केजेल्चाचा २०१९चा मैलाचा विक्रम, फिशरचे ५००० आणि आपल्या गुलवीर सिंगची गाजलेली धाव, तिन्ही तिथलीच. हॉलमध्ये वारा नसतो. सुरुवातीच्या फेऱ्यांना पेसर, म्हणजे ठरलेला वेग धरून देणारा धावपटू, असतो आणि बऱ्याच मोठ्या शर्यतींत आतल्या कडेने ठरलेल्या वेगाचे दिवे पळतात. पण या सोयी त्या शर्यतीतल्या सगळ्यांनाच मिळतात, म्हणून एकटा पहिला नंबर पाहू नये. न्यूयॉर्कच्या ३००० मीटरमध्ये दुसरा आलेला कोल हॉकर ७:२३.१४ धावला, म्हणजे तोही लामेचा गिर्माच्या जुन्या ७:२३.८१च्या आत होता. एकाच शर्यतीत दोघे जुना विक्रम मोडतात तेव्हा परिस्थिती उत्तम होती आणि शेवटपर्यंत झुंजही होती, असं दोन्ही समजावं. बूट-ट्रॅकवर सगळं ढकलणारे ही झुंज बघतच नाहीत.

एक तांत्रिक गोष्ट. ट्रॅकची फेरी २०१.२ मीटरपेक्षा लांब असेल तर तिथली वेळ इनडोअर विक्रमाला चालत नाही. अमेरिकन कॉलेजांचे काही ट्रॅक ३०० मीटरचे आहेत. तिथली जबरदस्त वेळ कुणी ग्रुपवर टाकली तर आधी फेरीची लांबी विचारा.

प्रश्न : कॉमेंटेटर सारखे ‘पोझिशन, पोझिशन’ करतात. पंधरा फेऱ्यांच्या शर्यतीत तिसरी-चौथी फेरी एवढी महत्त्वाची कशी?
(नेरुळ)

उत्तर : हिशोब करून बघा. आतल्या कडेपासून १ मीटर जास्त बाहेरून धावलं की दोन वळणं मिळून फेरीमागे ६.२८ मीटर जादा पडतात. वळण लहान असो की मोठं, हा आकडा बदलत नाही. पण ३००० मीटरला मैदानावर साडेसात फेऱ्या आणि इनडोअरला १५. त्यामुळे पूर्ण शर्यत बाहेरून काढणारा मैदानावर सुमारे ४७ मीटर जादा धावतो, तर हॉलमध्ये ९४. एवढ्या अंतराला या मंडळींना १३-१४ सेकंद लागतात. पहिला आणि शेवटचा यांच्यात कधी कधी तेवढंच अंतर असतं.

त्यात वळणावर उतार असतो. मैलाच्या विक्रमी वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे ७.१५ मीटरला, मैदानी ट्रॅकच्या साधारण ३६.५ मीटर त्रिज्येच्या वळणावर शरीर ८ अंश आत झुकवावं लागतं. इनडोअर वळणाची त्रिज्या त्याच्या निम्म्याच्या आसपास, तिथे १६-१७ अंश. म्हणून वळणं बाहेरच्या बाजूने उचललेली असतात, जास्तीत जास्त १५ अंशांपर्यंत. तिथे कुणाला ओलांडायचं तर जादा अंतर काटायचं आणि चढही चढायचा. सरळ पट्टी तर आखूड, तिथे निर्णय घेईपर्यंत पुढचं वळण येतं. शहाणा धावपटू वळण संपता संपता उताराचा फायदा घेत वेग वाढवतो आणि सरळ पट्टीवर पुढे निघतो. आवडता धावपटू सहा-सात फेऱ्या दुसऱ्या लेनमधून धावताना दिसला, तर पहिल्या नंबरची आशा तेव्हाच थोडी कमी करा.

पदकांच्या शर्यतीत हे गणित कधी उलटंही होतं. तिथे पेसर नसतो, सगळे एकमेकांकडे बघत सावकाश धावतात आणि दम शिल्लक असलेला मागून येतो. २०२४च्या ग्लासगो जागतिक स्पर्धेत न्यूझीलंडचा जॉर्डी बीमिश शेवटच्या फेरीला मागच्या घोळक्यात होता आणि १५०० मीटरचं सुवर्ण घेऊन गेला. वेळ होती ३:३६च्या घरातली, तेव्हाच्या विक्रमाहून सहा सेकंद मंद. ‘इतकी हळू शर्यत’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी पदकाची शर्यत आणि विक्रमाची शर्यत एकाच मापाने मोजू नये.

प्रश्न : गुलवीर सिंगचे ५००० मीटर १३ मिनिटांच्या आत आले, पण ‘इनडोअरची वेळ खरी धरत नाहीत’ असं काही जण म्हणतात.
(ऐरोली)

उत्तर : धरतात. २१ फेब्रुवारी २०२५ला बोस्टनला तो १२:५९.७७ धावला. हा आशियाई इनडोअर विक्रम, आणि १३ मिनिटांच्या आत आलेला तो पहिला भारतीय. त्याच वर्षीच्या टोकियो जागतिक स्पर्धेची पात्रता १३:०१.०० होती, ती त्याने या धावेतूनच गाठली. ही वेळ म्हणजे २०० मीटरची प्रत्येक फेरी ३१.२ सेकंदांत, अशा २५ फेऱ्या. फिशरची सरासरी ३०.६. फेरीमागचा हा अर्धा-पाऊण सेकंद शेवटी साडेपंधरा सेकंदांवर जातो.

प्रश्न : सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मिळून शर्यत बघायची आहे. वेळ आणि तयारी कशी करावी?
(खारघर)

उत्तर : अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळात साडेदहा तास मिळवा. न्यूयॉर्कची शनिवारी दुपारी ४ची शर्यत आपल्याकडे रविवारी पहाटे २:३०ला येते, बोस्टनची रात्री ९ची सकाळी ७:३०ला. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून त्यांची घड्याळं पुढे जातात, तेव्हा साडेनऊच मिळवायचे. इथेच बरेच जण तासभर उशिरा उठतात. फ्रान्स, पोलंडला हिवाळ्यात साडेचार तास, ब्रिटनला साडेपाच. युरोपातल्या संध्याकाळच्या शर्यती आपल्या मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे येतात, तेव्हा आवाज बेताचा ठेवा, नाहीतर कमिटीची नोटीस ठरलेली.

दुसरी अडचण स्ट्रीमची. ते खऱ्या शर्यतीच्या मागे असतं आणि कुणाच्या मोबाइलवर पुढे, कुणाच्या टीव्हीवर मागे. अर्ध्या मिनिटाचा फरक म्हणजे इथे अख्खी एक फेरी. पडद्यावर शेवटच्या फेरीची घंटा वाजायच्या आधी ग्रुपवर निकाल येऊन पडतो. पडदा एकच ठेवा आणि शर्यतीपुरता ग्रुप म्यूट करा.

एकाने वही घेऊन दर ५ फेऱ्यांनी, म्हणजे १००० मीटरला, वेळ टिपावी. ५००० मीटर १३ मिनिटांत हवे असतील तर प्रत्येक हजार २:३६मध्ये, ३००० मीटर साडेसात मिनिटांत हवे असतील तर २:३०मध्ये. पेसर बाहेर पडल्यावरचा हजार नीट बघा, बहुतेक विक्रम तिथेच निसटतात. मैलाला स्टार्ट फिनिशलाइनच्या ९.३४ मीटर मागे असते, त्यामुळे पहिली फेरी आकड्यात मंद दिसेल. ती मंद नसते.

प्रश्न : हे सगळं बघून सोसायटीच्या पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या मोकळ्या गच्चीवर) तशाच छोट्या फेऱ्या मारायला सुरुवात केली आहे. चालेल?
(माजिवडा, ठाणे)

उत्तर : हळू धावायला चालेल, वेगाला नको. पोडियमची वळणं सपाट आणि काटकोनी असतात, टाइल्सखाली काँक्रीट. सगळ्या फेऱ्या एकाच दिशेने मारल्या की एकाच पायाच्या घोट्यावर, गुडघ्याबाहेरच्या बाजूवर आणि नडगीवर ताण साठतो. दर १० मिनिटांनी दिशा बदला, कोपऱ्यावर वेग सोडा, पावसात ओल्या टाइल्सवर धावूच नका. उंच इमारतींमध्ये घड्याळातलं जीपीएस भरकटतं. त्यापेक्षा टेपने कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरून फेरी मोजा आणि फेऱ्या मोजत धावा. वेगाचा सराव आठवड्यातून एकदा ४०० मीटरच्या सिंथेटिक ट्रॅकवर करा, आणि रात्री जागून शर्यत बघितल्यावर पुढच्याच सकाळी तर मुळीच नको.

प्रश्न : इनडोअर शर्यत संपल्यावर सगळे धावपटू का खोकतात?
(वाशी)

उत्तर : हॉलमधली हिवाळी, तापवलेली हवा कोरडी असते. जोरात तोंडाने श्वास घेतल्यावर श्वासनलिका सुकते आणि चुरचुरते. खोकला बहुधा काही तासांत जातो. आपल्याकडच्या दमट हवेत हा प्रकार क्वचितच दिसेल, पण छाती घट्ट होत असेल किंवा श्वासाला शिट्टी येत असेल तर दम्याची तपासणी करून घ्या.