अनुदानाची यादी ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारली, आता काय?

प्रश्न : नाशिक जिल्ह्यात माझी कांद्याची शेती आहे. कांदाचाळीच्या (कांदा साठवायच्या शेडच्या) अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर तीनदा अर्ज केला, नंबर लागला नाही. गावात मात्र एकाच घरात चार चाळी मंजूर झाल्या. त्यातल्या एका जागी आजही नुसता मुरूम पडलाय. माहिती अधिकारात लाभार्थ्यांची यादी मागितली, तर ‘वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(ञ)’ एवढंच उत्तर आलं. आता काय करू?

उत्तर : आधी तो लिफाफा जपून ठेवा. पत्र कधी मिळालं याचा पुरावा त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यात आहे. तिथून ३० दिवसांत पहिलं अपील करायचं, २० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून.

नोव्हेंबर २०२५ च्या आधी तुम्ही आला असता, तर काम बरंच सोपं होतं. तेव्हा या कलमात ‘सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली’ वैयक्तिक माहिती असे शब्द होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते काढले. आता नुसती ‘वैयक्तिक माहिती’ उरली आहे. जुन्या अपिलाचा नमुना कुणाकडून आणून उतरवून काढू नका. त्यातला अर्धा युक्तिवाद आता लागूच पडत नाही.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) मधल्या सतरा बाबींपैकी बारावी बाब सांगते की अनुदान कसं राबवलं, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने न मागता जाहीर करायचं असतं. ती बाब तशीच आहे. पण खरं सांगतो, केवळ तिच्यावर विसंबू नका. कलम ८ ची सुरुवातच ‘या अधिनियमात काहीही असले तरी’ अशी आहे, म्हणजे ते बाकीच्या कलमांवर वरचढ ठरतं, आणि माहिती अधिकारी नेमकं तेच पुढे करेल.

म्हणून मुख्य भर कलम ८(२) वर ठेवा. माहिती उघड करण्यातलं जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल, तर ती देता येते. जनहित म्हणजे मोघम ‘भ्रष्टाचार झाला आहे’ नव्हे. अमुक गट नंबरच्या जमिनीत चाळ मंजूर दिसते, जागेवर मुरूम आहे, असं लिहा आणि तारखेसह फोटो जोडा. आधार, बँक खातं, मोबाइल नंबर नको; नाव, गाव, वर्ष, रक्कम आणि मोका तपासणीचा (जागेवर जाऊन केलेल्या पाहणीचा) अहवाल हवा, हेही स्पष्ट लिहा. नको तो भाग झाकून उरलेलं द्यायची सोय कलम १० मध्ये आहे. पीएम-किसानच्या लाभार्थ्यांची गावनिहाय यादी सरकार स्वतःच्या पोर्टलवर दाखवतं, हाही मुद्दा घाला. वर्षाला ६,००० रुपये घेणाऱ्याचं नाव चालतं, मग चाळीवाल्याचं का नाही? शिवाय नकार योग्य आहे, हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे माहिती अधिकाऱ्यावर आहे.

पहिल्या अपिलाचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत यायला हवा. नाही आला किंवा विरोधात गेला, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जा. तिथे तारखेला वेळ लागतो, तयारी ठेवा.

एक मात्र सांभाळा. चौघांच्या नावावर वेगवेगळे सातबारे असतील आणि त्यावर कांद्याची नोंद असेल, तर एका घरात चार चाळी हा आपोआप गुन्हा होत नाही. तुमचा जोर मुरूम पडलेल्या त्या जागेवर राहू द्या. आणि कागद हातात येईपर्यंत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाला ‘चोर’ म्हणू नका. माझ्याकडे अब्रुनुकसानीच्या नोटिसा घेऊन येणारे निम्मे लोक असेच घाई केलेले असतात.