झेडपीला उभ्या राहणाऱ्या एका डॉक्टरला

ठाणे

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

शहापूरकडच्या गटातून झेडपीला उभं राहायचं तुझं पक्कं दिसतंय. 'दवाखान्यामुळे घराघरात ओळख आहे, मतं पडतील,' असं तू लिहितोस. पडतीलच, आणि मला घोर त्याचाच आहे. ज्याच्या पोराला तू रात्री दोनला सलाईन लावलंस, तो तुला नाही म्हणू शकत नाही. उद्या तू सभापती झालास आणि त्याच्या पाड्यावरची नर्स महिनामहिना फिरकली नाही, तरी तो तुझ्यासमोर गप्पच बसेल. तेव्हा दवाखान्यात पत्रक ठेवू नकोस आणि पेशंट तपासताना मताचा विषय काढू नकोस. निवडून आल्यावर दवाखान्याला कुलूप मात्र लावू नकोस. कामं कुठे अडलीत ते सभागृहाच्या आधी तुला तिथेच कळेल.

आता कामाचं. लोकांना सरकारी दवाखाने सगळे सारखेच वाटतात. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय आणि ठाण्याचं सिव्हिल राज्य सरकारचं, तिथे जिल्हा शल्यचिकित्सकांचा कारभार. सिव्हिलमध्ये खाट मिळाली नाही तरी शिव्या तुलाच बसणार. त्या खा, पण त्यापायी रोज सिव्हिलला फोन लावणारा मेंबर होऊ नकोस. तुझी ताकद आरोग्य केंद्रात आहे.

मण्यारीचंच घे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे ती चावते. दात उमटलेले दिसत नाहीत, सूज नाही. पोटात कळ येते आणि पापण्या मिटायला लागतात. घरचे म्हणतात, काल जेवणातून काहीतरी बाधलं. आरोग्य केंद्रात आणला की पुष्कळदा कागदावर 'रेफर' लिहून गाडीत घालतात, कारण सर्पविषावरची लस दिली आणि रिअ‍ॅक्शन आली तर आपल्या अंगाशी येईल ही भीती. वाटेत श्वास थांबतो. पहिला डोस, साधारण दहा कुप्या, आणि हाताने दाबून श्वास द्यायची एक अ‍ॅम्बू बॅग एवढ्यावर यातली बरीच माणसं सिव्हिलपर्यंत जिवंत पोचतात. आरोग्य समितीच्या बैठकीत 'लस उपलब्ध आहे' एवढ्या उत्तरावर खाली बसू नकोस. स्टॉक रजिस्टर माग. कुप्यांची मुदत कधी संपते, लक्षणं असूनही लस न देता किती जण पुढे पाठवले, रात्री ड्यूटीवर कोण होतं, हे विचार. डॉक्टर नसलेल्या मेंबराला हे सुचणार नाही, आणि तुझ्यासमोर अधिकाऱ्याला थापही मारता येणार नाही.

पाण्याचंही तसंच. भातसा, तानसा तुझ्याच तालुक्यात. पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात तुमच्या पाड्यांवर टँकर. धरणाचं राजकारण तुझ्या हातात नाही. टँकर ज्या विहिरीत ओततात तिच्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडते का, पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची ओटी टेस्ट खरंच होते की वहीत नुसत्या टिकल्या, हे मात्र आहे.

डॉक्टर असून राजकारणात गेलेल्या राजशेखर रेड्डींचा तू दाखला दिलास. माणूस मोठा, वादही तेवढेच. पुलिवेंदुलात वडिलांच्या नावाने धर्मादाय दवाखाना काढला, १९७८ ला आमदार, २००४ ला आंध्रचे मुख्यमंत्री. १०८ ची रुग्णवाहिका तिथे २००५ ला धावली, आपल्याकडे २०१४ ला. पण २००७ च्या आरोग्यश्रीतून, म्हणजे गरिबांच्या मोफत उपचारांच्या त्यांच्या योजनेतून, पैसा मुख्यतः मोठ्या ऑपरेशनांकडे आणि खासगी हॉस्पिटलांकडे वळला, असा आक्षेप अनेक जाणकारांनी घेतला, आणि मला तो पटतो. हार्टच्या ऑपरेशनचा फोटो पेपरात येतो, उपकेंद्रात बीपीची गोळी वेळेवर आली याचा कोण छापणार? तुलाही फोटोचा मोह होईल.

बाकी किरकोळ. सरकारी पगार घेत असशील तर अर्जाआधी त्यातून मोकळा हो. राखीव जागा असेल तर जात पडताळणी आजच मार्गी लाव. बॅनरवर स्टेथोस्कोप नको, कंपाउंडर कितीही हौशी असला तरी.

रविवारी ये. दुपारची आसनगाव लोकल रिकामी असते. येताना जिल्हा परिषदेचं यंदाचं अंदाजपत्रक मिळव. आरोग्याची पानं मी वाचेन, पाणीपुरवठ्याची तू वाच. गेल्या वर्षी कुठला पैसा खर्चच झाला नाही, त्यावर खुणा करून आण.

तुझा,
सर