तोंडातील पांढरा चट्टा आणि बायॉप्सीची भीती

प्रश्न : माझे वय ४६ वर्षे असून बरीच वर्षे मी चुना लावून तंबाखू खातो. दाढ दाखवायला गेलो असता दंतवैद्यांना खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा आढळला. तो दुखत नाही, जेवताना झोंबतही नाही. त्यांनी बायॉप्सी, म्हणजे चट्ट्याचा लहान तुकडा काढून त्याची तपासणी, करायला सांगितली आहे. परंतु तुकडा काढला की रोग भडकतो, असे घरचे म्हणतात. मलम लावून किंवा व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन हा चट्टा जाणार नाही का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : चट्टा दुखत नाही म्हणून तो निरुपद्रवी आहे, असे कृपया धरून चालू नका. या अवस्थेत सहसा काहीच दुखत नाही आणि नेमक्या त्यामुळेच पुष्कळ रुग्ण आमच्याकडे फार उशिरा येतात. आपला चट्टा दंतवैद्यांच्या नजरेस योगायोगाने पडला, ही चांगलीच गोष्ट झाली.

जो पांढरा चट्टा पुसून निघत नाही आणि दुसऱ्या कोणत्याही ओळखीच्या आजारात बसत नाही, त्याला ल्युकोप्लेकिया म्हणतात. म्हणजे आधी बाकीच्या शक्यता वगळाव्या लागतात. बुरशीचा पांढरा थर गॉजने पुसला की बहुधा निघतो आणि खाली लालसर त्वचा दिसते. लायकेन प्लॅनस या आजारात बहुतेक वेळा दोन्ही गालांवर पांढऱ्या रेघांची जाळी असते. तुटक्या दाताची धार किंवा सैल कवळी सतत घासत राहिल्यानेही त्वचा जाड व पांढरी होते; असे कारण असल्यास ते दूर करून दोन ते चार आठवड्यांनी तोंड पुन्हा पाहतात. आपण तंबाखूचा बार ओठाच्या ज्या जागी धरता, तिथेच चट्टा असेल, तर तंबाखू बंद केल्यावर तो काही आठवड्यांत फिकट होण्याची, कधी नाहीसा होण्याचीही शक्यता आहे. मात्र या आशेवर बायॉप्सी पुढे ढकलायची की नाही, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्यावे.

ल्युकोप्लेकिया म्हणजे कर्करोग नव्हे आणि असे बहुतांश चट्टे कर्करोगापर्यंत जात नाहीत. कोणता जाईल, हे मात्र नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. सपाट, पातळ आणि सर्वत्र एकसारखा पांढरा चट्टा तुलनेने कमी धोक्याचा असतो; पण त्यात लाल ठिपके असतील, पृष्ठभाग चामखिळीसारखा खरखरीत असेल, जखम असेल, किंवा चट्टा जिभेच्या कडेला अथवा जिभेखाली असेल, तर धोका वाढतो. तंबाखूला कधीही न शिवलेल्या व्यक्तीच्या तोंडातील चट्टाही हलक्यात घेऊ नये. काही पाहण्यांत अशा चट्ट्यांचे कर्करोगात रूपांतर होण्याचे प्रमाण उलट अधिक आढळले आहे.

आता बायॉप्सीविषयी. सुईने जागा बधिर करून चट्ट्याच्या सर्वांत संशयास्पद भागातून, म्हणजे लालसर किंवा उंचवटा आलेल्या ठिकाणाहून, काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, एखाद-दोन टाके घालतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. यामुळे रोग भडकत नाही. ही समजूत पसरण्याचे कारण मला असे दिसते की, अनेक जण कर्करोग पुष्कळ वाढल्यावरच बायॉप्सीला येतात. आजार त्यानंतर आपल्या गतीने वाढतो आणि दोष मात्र तुकड्यावर येतो. या एका गैरसमजापायी किती महिने हातचे जातात, हे पाहून वाईट वाटते.

गोळ्यांबद्दलही स्पष्ट लिहितो. व्हिटॅमिन ए, बीटा कॅरोटीन, लायकोपीन यांनी काही रुग्णांचे चट्टे कमी झालेले दिसले आहेत. परंतु औषध थांबवल्यावर ते परत येऊ शकतात आणि या औषधांनी कर्करोग टळतो, असे सिद्ध झालेले नाही. शिवाय विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या मोठ्या मात्रा घेतल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे मोठ्या चाचण्यांत दिसून आले आहे. म्हणून दुकानातून अशा गोळ्या आपल्या मनाने आणू नयेत.

पुढचे उपचार बायॉप्सीच्या अहवालावर ठरतात. पेशींमध्ये विकृती, म्हणजे डिसप्लासिया, नसेल किंवा ती सौम्य असेल, तर बऱ्याचदा तंबाखू सोडून नियमित तपासणी पुरते. मध्यम किंवा तीव्र असेल, तर चट्टा शस्त्रक्रियेने किंवा लेझरने काढतात. काढल्यानंतरही चट्टा पुन्हा उद्भवू शकतो आणि शेजारच्या त्वचेतही बदल होऊ शकतात. त्यामुळे सुरुवातीला दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढेही वर्षानुवर्षे तोंड दाखवत राहावे लागते. जखम भरली की रुग्ण येईनासे होतात. तसे आपल्या बाबतीत होऊ नये.

तंबाखू मात्र आजच बंद करा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंत-संशोधकांनी भारताच्या ग्रामीण भागांतील ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांना वर्षानुवर्षे समजावून सांगितले, तपासले. त्यांच्यापैकी पुष्कळांनी सवय सोडली वा कमी केली आणि ल्युकोप्लेकियाचे नवे रुग्णही घटले. हे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. सवय एकट्याने सुटत नसेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते.

प्रश्न : माझ्या सासूबाई दिवसातून तीन-चार वेळा मिश्री लावतात. ते दंतमंजनच आहे, तंबाखू खाण्याचा प्रश्नच नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांनीही तोंड तपासून घ्यावे का?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : होय, अवश्य. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. म्हणूनच ती लावली नाही, तर सकाळी चैन पडत नाही. सासूबाई नुसती सुपारी खात असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले आहे. त्यांना दंतवैद्यांकडे नेण्यापूर्वी घरीच उजेडात पाहायचे असल्यास कवळी काढायला सांगून ओठांच्या आतील बाजू, दोन्ही गालफडे, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जीभ वर उचलून खालची जागा पाहावी. पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम किंवा गाठ दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, किंवा तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर थांबू नये. घरी काही दिसले नाही, तरी तपासणी करून घ्यावीच, कारण जिभेच्या मुळाजवळचा भाग नवख्या नजरेला नीट दिसत नाही.