गाडीखालचा डाग आणि गळतीची खरी जागा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे आपण एकाच दुखण्याबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. १०० सीसीची, दहा वर्षं वापरलेली मोटरसायकल, पासष्ट हजार किलोमीटर झालेले. जुळे सोलापुरातल्या तुमच्या पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा काळा डाग आणि डाव्या फूटरेस्टजवळ ओल. एका मेकॅनिकने ड्रेन बोल्टचं (जुनं ऑइल काढायच्या खालच्या बोल्टचं) वायसर बदललं, चार दिवसांत डाग परत आला. दुसऱ्याने 'अर्धं इंजिन खोलावं लागेल' म्हणत पाच हजार सांगितले. घरी काही करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

येतं. आणि तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून पाच हजारांचं काम निघेल असं मला वाटत नाही. पण पाना हातात घ्यायच्या आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. फरशीवरचा डाग ऑइल कुठे पडतं तेवढंच सांगतो. ते निघतं कुठून, हे त्या डागावरून कळत नाही. ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. फिन्स (इंजिन गार ठेवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्या), बोल्टची डोकी, कव्हरची कड असं धरत धरत ते इंजिनच्या सगळ्यात खालच्या टोकाला येऊन थांबतं. ते टोक म्हणजे बहुतेक गाड्यांत ड्रेन बोल्ट. त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर जातो आणि वायसर बदलूनही डाग तसाच राहतो.

हे मी गाडीवर नाही, मागावर शिकलो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर बावीस वर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून काम केलं. टॉवेलवर ऑइलचा एक थेंब पडला की तो नग बाद. नवीन असताना मी डागाच्या बरोबर वर जे बेअरिंग दिसेल ते पुसायचो, घट्ट करायचो, आणि दुसऱ्या पाळीत पुन्हा डाग. वस्तादांनी एकदा हाताला धरून दाखवलं, वर जॅकार्डमधून (नक्षी विणणाऱ्या यंत्रातून) सुटलेलं ऑइल फ्रेमच्या आतल्या अंगाने दोन हात चालत येऊन भलत्याच जागी टपकत होतं. 'आधी पूस, मग बघ, मग हात लाव', हा त्यांचा क्रम. पुढे स्वतःच्या गाडीवर मी तो मोडला. ब्लॉकखाली (पिस्टन ज्यात चालतो त्या भागाखाली) ओल दिसली म्हणून घाईने जोडातलं पॅकिंग बदलून घेतलं, अडीच हजार गेले. आठवड्याने ओल जिथल्या तिथे. गळत होतं ते वर टॅपेटच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाच्या) झाकणाच्या ओ-रिंगमधून, म्हणजे गोल रबरी कडीतून, आणि फिन्समधून उतरून पॅकिंगच्या रेषेवर साचत होतं. वीस-पंचवीस रुपयांच्या रबरासाठी मी इंजिन खोललं होतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

पहिल्या रात्री फक्त एक काम करा. गाडी साइड स्टँडवर न लावता मेन स्टँडवर लावा आणि खाली एक मोठा पांढरा पुठ्ठा ठेवा. पुठ्ठ्यावर पुढचं चाक कुठे, इंजिन कुठे हे पेनाने आखून ठेवा. सकाळी बघा. काळपट-तपकिरी, बोटाला गुळगुळीत लागणारं असेल तर इंजिन ऑइल. घट्ट, चिकट, तार सुटणारं आणि चेनच्या रेषेत पडलेलं असेल तर ते चेनला मारलेलं ऑइल किंवा ग्रीस, त्याला गळती म्हणत नाहीत. पुढच्या स्प्रॉकेटभोवती (चेन फिरवणाऱ्या दातांच्या चाकाभोवती) साचलेला चेनचा मळ बघून इंजिन खोलायला नेलेल्या गाड्या मी स्वतः पाहिल्या आहेत. वास मारून उडून गेलं तर पेट्रोल. मग कार्बोरेटर बघायचा, आणि तोही लगेच. मेन स्टँडवर थेंब एकदम कमी झाले तर तोही एक पुरावा धरा: साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, आतलं ऑइल डाव्या भिंतीला टेकतं, म्हणजे डाव्या बाजूच्या एखाद्या सीलवर (फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यावर) संशय वाढला.

त्यानंतर ऑइलची पातळी. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून पुसायची आणि आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची. बहुतेक १०० सीसी गाड्यांची पद्धत हीच आहे, तरी आपल्या गाडीचं पुस्तक एकदा उघडून बघा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर गळतीचं कारण कदाचित तिथेच सापडेल. या इंजिनांत साधारण ९०० मिली ऑइल बसतं आणि बाटली बऱ्याचदा एक लिटरची मिळते. पुष्कळ जण अख्खी बाटली रिकामी करतात.

पातळी बरोबर असेल तर ब्रीदर पाईप बघा. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस नेहमीच खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या डब्यात, उतरतो. त्याला बाहेर पडायला हा पाईप ठेवलेला असतो आणि तो बहुधा एअर फिल्टरच्या डब्यात जातो. पाईप दबला, पिळला गेला किंवा मळाने तुंबला की आत दाब वाढतो, आणि तो दाब सगळ्यात कमजोर सीलमधून ऑइल बाहेर लोटतो. अशा गाडीला नवा सील टाका, महिन्यात तोही ओला होईल. पाईप काढा, तोंडाने फुंकून बघा, आत साबणाचं पाणी घालून वाळवा. या कामाला एक पैसा लागत नाही, आणि सील बदलण्याच्या आधी हेच करायचं असतं.

आता पुसण्याचं काम. यात घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. आपल्याकडची धूळ ओल्या ऑइलवर बसून असा काळा थर धरते की सगळं इंजिनच गळतंय असं वाटतं. इंजिन पूर्ण गार असताना, उघड्यावर, डिझेल आणि जुना ब्रश घेऊन थर सोडवा. पेट्रोल वापरू नका, एक ठिणगी पुरेशी आहे. एअर फिल्टरचं तोंड, सायलेन्सरचं तोंड आणि प्लगची टोपी प्लास्टिकने बांधून घ्या. मग निरम्याच्या पाण्याने धुवा. आपल्याकडे पाणी जपून वापरावं लागतं, त्यामुळे पाईप लावून धुण्याचा प्रश्नच नाही. एक बादली आणि ब्रश पुरतो, आणि जोराच्या फवाऱ्याने सीलमध्ये पाणी शिरतं ते टळतं हे वेगळंच. खाली लाकडाचा भुसा पसरा, डिझेल आणि मळ त्यात जिरवा, गटारात सोडू नका. पुसायला जुनं धोतर किंवा सुती साडी घ्या. टॉवेल आणि कॉटन वेस्ट (सुताची रद्दी) घरोघरी असतं, पण त्याचे धागे बोल्टमध्ये अडकतात आणि ओल आहे की धागा, हे कळत नाही. फिन्सच्या खाचा, कव्हरांचे जोड, बोल्टच्या डोक्यांभोवतीच्या खळग्या काडीला कापड गुंडाळून कोरड्या करा. दोन तास उन्हात ठेवा.

कोरड्या इंजिनवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा, विशेषतः डाव्या बाजूला. इंजिन उघड्यावर पाचेक मिनिटं चालवा, बंद जिन्यात किंवा गॅरेजमध्ये नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. मग टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर ओलीची काळी रेघ उमटते. रेघ जिथे संपते तिकडे लक्ष देऊ नका, तिचं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं टोक शोधा. गळती तिथे आहे. पाच मिनिटांत काही दिसलं नाही तर पावडर पुन्हा लावून जवळच फेरी मारा, पुन्हा बघा. गार असताना घट्ट असलेलं ऑइल तापल्यावर पातळ होतं आणि मगच वाट काढतं.

डाव्या फूटरेस्टजवळची ओल म्हटल्यावर माझा पहिला संशय गियर लिव्हरच्या शाफ्टच्या (लिव्हर ज्या दांड्यावर बसतो त्याच्या) ऑइल सीलवर जातो. दुसरा पुढच्या स्प्रॉकेटमागच्या सीलवर, तिसरा न्यूट्रल स्विचच्या ओ-रिंगवर, आणि चौथा मॅग्नेटमागच्या (वीज तयार करणाऱ्या भागामागच्या) सीलवर. गियर शाफ्टचा सील बाहेरच्या धुळीत असतो आणि पायाच्या प्रत्येक दाबाला शाफ्ट त्याच्यात फिरतो, म्हणून तो लवकर झिजतो. रेघ थेट शाफ्टच्या तोंडातून निघत असेल तर काम सोपं आहे. स्प्रॉकेटचं झाकण काढायचं असेल तर इंजिन बंद ठेवूनच. झाकण उघडं टाकून गाडी चालू करू नका, गळ्यातला पंचा चेनमध्ये जायला क्षण लागत नाही.

सील बदलताना आधी लिव्हर आणि शाफ्टवर सरळ रेषेत खूण करा, मग लिव्हरचा बोल्ट पूर्ण काढून लिव्हर ओढा. जुन्या सीलच्या चेहऱ्यावर, शाफ्टपासून लांब, बारीक छिद्र पाडून एक छोटा स्क्रू दोन आटे बसवा आणि पक्कडीने ओढून काढा. पेचकस खुपसून उचकटाल तर शाफ्टला किंवा ॲल्युमिनियमच्या घराला (सील बसतो त्या खाचेला) ओरखडा जाईल, आणि मग नवा सीलही गळेल. जुना सील दुकानात सोबत न्या. त्याच्यावर तीन आकडे असतात. २०×३४×७ असं लिहिलं असेल तर आतला व्यास २०, बाहेरचा ३४ आणि जाडी ७ मिलिमीटर. आकडे जुळल्याशिवाय घेऊ नका, आणि पन्नास-शंभर रुपयांच्या वस्तूत वीस रुपये वाचवायला जाऊ नका. नेहमीचा काळा सील नायट्राइल रबराचा असतो. वर्षानुवर्षं गरम ऑइलमध्ये राहून तो कडक होतो, नखाने दाबला तर दबत नाही. तुमचा जुना सील असा निघाला तर निदान बरोबर होतं असं समजा.

शाफ्टवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर ऑइलमध्ये भिजवून गोल फिरवत पुसा, उभा घासू नका. नव्या सीलच्या ओठाला, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या कडेला, ऑइल लावा. शाफ्टच्या दातांवर सेलोटेप गुंडाळा, नाहीतर बसवतानाच ओठ कापला जातो. नवा सील दुसऱ्या दिवशी गळाला की दोष मालाला दिला जातो, पण बहुतेक वेळा तो या दातांनीच फाटलेला असतो. स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे. सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट टेकवून हलक्या हाताने, चारी बाजूंनी सारखा ठोकत घराच्या कडेशी सपाट बसवा.

रेघ एखाद्या कव्हरच्या जोडावरून निघत असेल तर लगेच खोलू नका. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने तपासा, एखादा सैल सापडतो. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरतात, म्हणजे आखूड पान्याने मनगटाचा जोर. खांद्याचा जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे गेले. कव्हर काढावंच लागलं तर पुठ्ठ्यावर त्याचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर केस फुटते. पॅकिंग नवंच टाका. ड्रेन बोल्टचं वायसर तर दर वेळी नवं. तिथले आटे गेले असतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, लेथवाल्याकडून नवे आटे करून घ्या.

बाहेरून सिलिकॉन फासणं मी कधीही करणार नाही, तुम्हीही करू नका. ओल्या जागेवर ते धरत नाही, आणि जोडात जास्त भरलं तर आत सुटलेला तुकडा ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतो. गळती थांबते, पण हेडला ऑइल पोचत नाही.

रेघ ब्लॉकच्या खालून, हेडच्या जोडातून किंवा मॅग्नेटच्या मागून निघाली तर ते काम मेकॅनिकचं. पण जाताना पावडरीवरच्या रेघेचा फोटो घेऊन जा, म्हणजे बोलणं जागेवर होईल, अंदाजावर नाही. तोवर ऑइलची पातळी दर दोन दिवसांनी बघत राहा. रुपयाएवढा डाग म्हणजे थोडे थेंब, त्याने रात्रीत इंजिन रिकामं होत नाही. मला काळजी आहे ती मागच्या टायरची. गळती डाव्या बाजूला आहे, वारा ते ऑइल मागेच नेतो. टायरच्या कडेला चमक दिसली तर आधी साबणाने टायर धुवा, मगच गाडी काढा. वळणावर ओला टायर सांभाळायला वेळ देत नाही.

काम झाल्यावर पुन्हा पुसा, पुन्हा पावडर लावा आणि तुळजापूर रोडने तामलवाडीपर्यंत जाऊन या. इंजिन नीट तापायला एवढा पल्ला पुरतो. रात्री पुठ्ठा खाली ठेवा. कामात जुनं ऑइल काढावं लागलं असेल तर ते डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, त्यांच्याकडून ते गोळा करणारे घेऊन जातात.

रविवारी हे केलंत तर पावडर लावल्यानंतरचे दोन फोटो टाका, एक गियर लिव्हर काढून शाफ्टचा जवळून, आणि एक वर टॅपेटच्या झाकणापासून खाली ड्रेन बोल्टपर्यंतची पूर्ण डावी बाजू. ब्रीदर पाईपमधून हवा गेली की नाही तेही लिहा. ते बघून पुढचं सांगतो.