रॅम घ्यायला निघालात? आधी जुनी स्टिक काढून बघा

प्रश्न : नमस्कार दादा, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, घरूनच चार-पाच दुकानांचं टॅली आणि जीएसटीचं काम बघते. डेस्कटॉप 2014 चा असेंबल केलेला आहे, आय3 चौथी जनरेशन, एच81 चा मदरबोर्ड, रॅम 4 जीबीची एकच स्टिक. टॅली आणि क्रोम सोबत उघडलं की अडकतो. म्हणून 8 जीबी डीडीआर4 घेऊन आले तर ती स्लॉटमधे बसतच नाहीये. मुलगा म्हणाला जोर लाव, मी नाही लावला. दुकानवाला म्हणतोय "मॅडम, आपके बोर्ड में ही खराबी है". आता बोर्ड बदलू का?

उत्तर : ताई, जोर लावला नाहीत हे फार बरं केलंत, नाहीतर स्लॉट खरंच गेला असता. बोर्ड अजिबात बदलू नका, तो चांगला आहे. डीडीआर3, डीडीआर4 या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या आहेत, तुमचा बोर्ड डीडीआर3 चा आहे आणि त्यात डीडीआर4 कधीच बसणार नाही. दोन्ही स्टिका लांबीला सारख्याच दिसतात त्यामुळे घोळ होतो, पण डीडीआर3 ला 240 पिना असतात आणि डीडीआर4 ला 288, शिवाय खालची खाच वेगळ्या जागी असते, आणि ती मुद्दामच तशी ठेवलेली आहे कारण व्होल्टेज पण वेगळं, डीडीआर3 ला 1.5 लागतं आणि डीडीआर4 ला 1.2. बिल असेल तर ती स्टिक परत करा, तुम्ही बोर्डाचं नाव सांगितलं असेल तर चूक दुकानाचीच आहे.

आता काय घ्यायचं ते सांगतो. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा, स्लॉटच्या क्लिपा दाबून जुनी स्टिक बाहेर काढा आणि तिच्यावरचं लेबल वाचा. बहुतेक पीसी3-12800यू असं काहीतरी असेल. पीसी3 म्हणजे डीडीआर3, 12800 म्हणजे 1600 स्पीडची (1600 गुणिले 8, एवढाच हिशोब), आणि शेवटचं जे अक्षर आहे ना ते सगळ्यात महत्त्वाचं. यू म्हणजे साधी डेस्कटॉपची, एस म्हणजे लॅपटॉपची, ती आखूड असते, आणि आर म्हणजे सर्व्हरमधून काढलेली, ती तुमच्या बोर्डावर चालणार नाही. सर्व्हरच्या स्टिका स्वस्तात विकायला येतात आणि लोक फसतात.

अजून एक सांगतोच, कारण यात मी स्वतः पैसे घालवलेत. ऑनलाइन 8 जीबीची डीडीआर3 स्टिक खूप स्वस्त दिसली म्हणून मागवली, इंटेलच्या बोर्डावर लावली तर डिस्प्लेच येईना, दोन दिवस मी पॉवर सप्लायवरच संशय घेत बसलो. नंतर पाकिटावर बारीक अक्षरात सापडलं, फक्त एएमडीसाठी. अशा स्टिकांमधल्या चिपा वेगळ्या मांडणीच्या असतात आणि इंटेलचे बोर्ड त्या ओळखत नाहीत. तुमचं मशीन इंटेलचं आहे तेव्हा घेताना हे स्पष्ट विचारा, बिलावर लिहून घेतलंत तर उत्तमच.

एच81 ला दोन स्लॉट असतात, 16 जीबीपर्यंत चालते. जुन्या 4 जीबीसोबत 8 ची लावली तरी चालेल, 12 होईल, टॅली आणि क्रोमला भरपूर झालं. डीडीआर3एल (कमी व्होल्टेजची डीडीआर3) लिहिलेली मिळाली तर ती पण चालते, 1.35 आणि 1.5 व्होल्ट दोन्हीवर. डीडीआर3 नवी आता कमीच मिळते, चांगल्या कंपनीची वापरलेली घ्यायला हरकत नाही, पण दुकानातच लावून चालवून बघा. जेल रोडला जा नाहीतर सिल्वर मॉलला, जुनी स्टिक पर्समधे घेऊन जा, तोंडी सांगण्यात गडबड होते.

पण त्याआधी घरी दोन गोष्टी बघा. विंडोज 32 बिट असेल तर 4 जीबीच्या वर रॅम लावून काही उपयोग नाही, आधी 64 बिट टाकावं लागेल. आणि मशीन अडकतं तेव्हा टास्क मॅनेजर उघडा, मेमरी 90 टक्क्यांच्या वर गेली असेल तर रॅमच हवी, पण मेमरी मोकळी आणि डिस्क 100 वर असेल तर मी म्हणेन आधी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) टाका.

लावताना कॅबिनेटच्या धातूला एकदा हात लावा, खाच जुळवा, दोन्ही टोकांना सारखं दाबा, क्लिपा आपोआप बंद होतात. डिस्प्ले नाही आला तर घाबरू नका, काढून पिनांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवा, पुसा, परत लावा.

प्रश्न : मी सुदामा नगर, इंदूरचा, इंजिनीअरिंगला आहे. नवीन पीसी बनवतोय, डीडीआर4 घेऊ की डीडीआर5?

उत्तर : आधी प्रोसेसर सांग रे. एएमडीचा एएम5 सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) असेल तर डीडीआर5 च लागते, एएम4 असेल तर डीडीआर4 च. इंटेलच्या 12, 13, 14 व्या जनरेशनला दोन्ही चालतात, पण बोर्ड सहसा एकाच प्रकारचा असतो, म्हणून बोर्डाचं पूर्ण नाव वाचून घे. 2025 च्या शेवटापासून एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव चढलेत, तेव्हा घरात चांगली डीडीआर4 पडली असेल तर ती चालेल असा बोर्ड घेणं मला शहाणपणाचं वाटतं. नवीनच घेणार असशील तर 16 ची एक घेण्यापेक्षा 8-8 च्या दोन घे, ड्युअल चॅनल मिळतं, म्हणजे दोन्ही स्टिका एकाच वेळी काम करतात. आणि बायोसमधे (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमधे) एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग, चालू कर, नाहीतर 3200 ची स्टिक घेऊन ती 2400 वर चालत राहील आणि तुला कळणार पण नाही.