दूध-ज्यूसचे रिकामे टेट्रा पॅक सुक्या कचऱ्यात टाकले की पुरे, की वेगळे कुठे द्यायचे?

तुम्ही लिहिलंय की रद्दीवाला टेट्रा पॅकला हात लावत नाही, सोसायटीतले निम्मे लोक 'सुक्यात टाका' म्हणतात आणि उरलेले म्हणतात 'त्यात प्लास्टिक असतं, त्याचं काहीच होत नाही'. मी मुलुंडला राहते. आमच्या ५६ घरांच्या इमारतीत आम्ही सहा वर्षं ही खोकी वेगळी गोळा करतोय, त्या अनुभवावरून सांगते. त्याचा पुन्हा वापर होतो, आणि चांगला होतो. पण खोकी स्वच्छ, चपटी आणि एकगठ्ठा कारखान्यापर्यंत पोचली तरच. सगळी मेहनत तेवढ्यातच आहे.

रद्दीवाल्यावर मात्र राग धरू नका. एक लिटरचं रिकामं खोकं साधारण ३० ग्रॅमचं असतं. किलोभर व्हायला तीस-पस्तीस खोकी लागतात, फ्रूटीएवढी छोटी असतील तर शंभराच्या आसपास. न चपटवता दिली तर एवढ्याशा वजनासाठी त्याचं अख्खं पोतं भरतं, आणि तो ज्या वखारीत माल घालतो तिथे बहुतेक वेळा याला गिऱ्हाईकच नसतं. काही जण वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात मधे खोकी सरकवून देतात, ते तर अजिबात करू नका. साध्या कागद गिरणीत रद्दी जितका वेळ पाण्यात घुसळतात, तेवढ्या वेळात हे खोकं सुटत नाही. ते चिवट राहतं, चाळणीत अडकतं आणि कचरा म्हणून बाहेर फेकलं जातं.

एकदा एक खोकं कात्रीने उभं कापून, कडेने सोलून बघा. मी इमारतीतल्या मुलांना तेच करून दाखवते. बाहेरून पुठ्ठा, आतून चंदेरी, आणि मधेमधे प्लास्टिकचे पातळ पापुद्रे. वजनाने साधारण ७५ टक्के पुठ्ठा, २० टक्के पॉलिथिन आणि ५ टक्के ॲल्युमिनियम. ते ॲल्युमिनियम केसापेक्षाही पातळ असतं, पण उजेड आणि हवा तेच अडवतं. म्हणून तर हे दूध फ्रिजबाहेर काही महिने टिकतं. भारतात १९८५ मध्ये फ्रूटी या खोक्यात आली तेव्हा आम्हा मुलांना त्याचंच नवल वाटलं होतं.

हे थर हाताने वेगळे करणं अवघड, पण पाण्याने होतं. कागद गिरणीत हायड्रापल्पर नावाचं मोठं यंत्र असतं, घरच्या मिक्सरचं प्रचंड रूप म्हणा. त्यात खोकी पाण्याबरोबर पुरेसा वेळ घुसळली की पुठ्ठ्याचे तंतू सुटून लगदा होतो आणि प्लास्टिक-ॲल्युमिनियमचे चिकटलेले तुकडे बाजूला निघतात. हे तंतू लांब आणि मजबूत असतात, म्हणून अशी यंत्रणा असलेल्या गिरण्यांना हा माल हवाच असतो. उरलेल्या चंदेरी तुकड्यांपासून गरम दाबाखाली छपराचे पत्रे आणि फळ्या होतात. काही ठिकाणी तर अख्खं खोकंच बारीक करून दाबतात. त्यातलं पॉलिथिन वितळून तेच डिंकाचं काम करतं, वेगळा गोंद घालावा लागत नाही. आपल्याजवळ पालघरमध्ये हे काम चालतं. अशी फळी मी हातात घेऊन पाहिली आहे. जड असते, पाण्याने फुगत नाही आणि पृष्ठभागावर चंदेरी ठिपके दिसतात. मुंबईत 'कार्टन ले आओ, क्लासरूम बनाओ' अशी मोहीम चालली, तिच्यात याच फळ्यांचे बाक करून शाळांना दिले गेले.

आता आमची पहिली चूक सांगते, तुमची वाचेल. आम्ही उत्साहाने जिन्याखाली पोतं ठेवलं आणि नुसती चिठ्ठी लावली, 'टेट्रा पॅक इथे टाका'. पावसाळा होता. दहाव्या दिवशी मुंग्या, पंधराव्या दिवशी वास, मग झुरळं. न्यायला आलेल्या माणसाने पोतं उघडून पाहिलं आणि तसंच ठेवून गेला. त्याचं बरोबर होतं. आंबलेल्या दुधाची खोकी एकमेकांना चिकटून गेली होती आणि सगळ्यांवर बुरशी होती.

तोडगा तळमजल्यावरच्या आजींनी काढला. त्या म्हणाल्या, 'अगं, दुधाच्या पिशव्या आपण धुऊन ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून वाळवतोच ना? तसंच हे.' खरंच, ही सवय आपल्याकडे आधीपासून आहे. धुतलेली पिशवी भंगारात विकली जाते हे घराघरांत माहीत आहे. खोक्यालाही तेवढंच करायचं. रिकामं झालं की त्यातच थोडं पाणी घालून हलवायचं, ते पाणी झाडाला द्यायचं. वरचे-खालचे चारही कान उचकटायचे, मग खोकं आपोआप चपटं होतं. खिडकीत उपडं ठेवून वाळवायचं. घासायचं नाही, साबण नको, लेबल काढायची गरज नाही. झाकण असलेल्या खोक्याचं झाकण लावलेलं राहिलं तरी चालतं, फक्त आधी हवा काढून घ्या. स्ट्रॉ मात्र खोक्यात खुपसून ठेवू नका, ओलावा तिथे साचतो.

पोत्यात काय जाऊ द्यायचं नाही, हेही सांगावं लागतं. वेफर्सची पाकिटं आतून तशीच चमकतात, म्हणून लोक ती घालतात. त्यांत पुठ्ठा नसतो, ती वेगळी. चहाचे कागदी कप पण नकोत, त्यांना आतून प्लास्टिकचा थर असला तरी ॲल्युमिनियम नसतं, आणि ते बहुतेक वेळा उष्टेच येतात. आम्ही पोत्यावर एक कापलेलं खोकंच टाचून ठेवलंय. चिठ्ठीपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

आता कुठे द्यायचं. मुंबईत सहकारी भांडार आणि रिलायन्सच्या काही दुकानांत यासाठी डबे ठेवलेले असायचे. या कामात आरयूआर ही संस्थाही आहे. तुमच्या जवळच्या दुकानात डबा आहे का, ते आधी फोन करून विचारा, उगाच पिशवी घेऊन हेलपाटा नको. पुण्यात असाल तर तुमच्या दारात येणाऱ्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या ताईंनाच विचारा. ती कचरावेचकांच्या मालकीची संस्था आहे आणि कोणता माल पुढे कुठे खपतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

यातलं काहीच जवळ नसेल तर तुमच्या सोसायटीच्या कचरा उचलणाऱ्या ताईंशी बोला. आमच्याकडे शेवटी तेच जुळलं. आमच्या ताई आधी खोकी डेपोवर जाऊ द्यायच्या, कारण एकेक वेचून वजन होत नव्हतं. आम्ही त्यांना स्वच्छ, चपट्या खोक्यांचं भरलेलं पोतं हातात देऊ लागलो, तेव्हा त्यांनी स्वतःच ते घेणारा व्यापारी शोधला. पैसे थोडेच मिळतात, ते पूर्ण त्यांचे. सोसायटीने त्यात वाटा मागू नये असं माझं ठाम मत आहे. या मालावर इतकं कमी सुटतं की त्यातून कोणी काही कापलं तर उचलणारीला परवडत नाही, आणि तिला परवडलं नाही तर हे सगळं थांबतं.

'सुक्यात टाका' म्हणणारे अर्धे बरोबर आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओलं, सुकं आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्यायला सांगितलं होतं, आणि हे खोकं सुक्यातच येतं. पण धुतलेलं नसेल तर ते शेजारच्या कागदालाही भिजवतं. त्याच वर्षीच्या प्लास्टिक कचरा नियमांत अशी बहुस्तरीय वेष्टनं परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालकांवर टाकली आहे. म्हणून खोक्यावरच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून 'आमच्या भागात तुमची खोकी कोण गोळा करतं?' असं विचारायला संकोचू नका. मी दोन कंपन्यांना विचारलं. एकीने उत्तर दिलं नाही, दुसरीने ठाण्यातल्या एका संकलकाचा नंबर दिला आणि तो खरंच आला.

आणखी एक. तुमच्याकडे रोज दुधाचं एक लिटरचं खोकं लागतं असं लिहिलंय. जवळ पिशवीतलं ताजं दूध मिळत असेल आणि फ्रिज असेल, तर रोजच्यासाठी पिशवीच घ्या. ती एकाच प्रकारच्या प्लास्टिकची असते, भंगारवाला हसत घेतो. खोकं प्रवासाला, पाहुण्यांसाठी, पावसात दूधवाला चुकला तर ठेवा. आमच्याकडे असं केल्यावर पोतं भरायला तीन आठवड्यांऐवजी दीड महिना लागू लागला.

सुरुवात करताना पावसाळ्यात करू नका, दिवाळीनंतर करा, वाळवणं सोपं जातं. पोतं जिन्याखाली न ठेवता वॉचमनच्या खोलीबाहेर उन्हाच्या बाजूला टांगा.