बेळगावजवळ खानापूर भागात जांभ्या दगडाच्या बंद खाणीवर माती पसरून झाडं लावलीत. ती खरंच रुजली का, हे कसं तपासायचं?

पावसाळ्यातली हिरवळ बघून ठरवू नका; जागा आखून घ्या आणि तिथेच दरवर्षी ऑक्टोबरात व एप्रिलअखेर मोजणी करा. गवतासाठी १ × १ मीटर, झाडांसाठी १० × १० मीटरचे चौकोन पुरतात. कोपऱ्यांना दगड रोवा. जांभ्यावर मातीचा थर पातळ असला की ओल टिकत नाही, म्हणून खरी परीक्षा उन्हाळ्यातच. लावलेली रोपं आणि आपोआप उगवलेली करवंद, जांभूळ, अंजनी वेगवेगळी मोजा. जमीन सावरल्याची खरी खूण मला ही आपोआप उगवलेली झाडंच वाटतात. सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर तपशिलाची चित्रं फुकट मिळतात, पण त्यांत रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून आलेली तणंही हिरवीच दिसतात, शिवाय जून ते सप्टेंबर ढग आड येतात.